आधी मागितलेली माफी

आमच्या पुतणीनं जपानी शिकायला घेतलं ते परदेशी जाऊन रग्गड पगार मिळवायला नव्हे, की चार लोकांत मिरवायलाही नव्हे. भीतीपोटी घेतलं. अभ्यासाला यापेक्षा चांगलं कारण मी तरी पाहिलेलं नाही. परीक्षेच्या भीतीनं माणूस पाठ करतो, जिवाच्या भीतीनं लक्षात ठेवतो.

वर मोठं हॉटेल आणि खाली तळघरात त्याची लाँड्री, अशी आमची कामाची जागा. तिथं भिंतींनासुद्धा घाम फुटायचा. मी इस्त्रीच्या टेबलावर, पुतणी घड्या घालायला, आणि तिचा नवरा, म्हणजे आमचे जावईबापू, धुलाईच्या यंत्रावर. जावईबापू अंगानं असे, की उशीच्या अभ्र्यांबरोबर चुकून वाळत घातले गेले तर संध्याकाळपर्यंत कुणाच्या ध्यानात येऊ नये.

जुन्या यंत्रानं मान टाकली तेव्हा मालकांनी कुठल्याशा भंगारातून एक जपानी यंत्र उचलून आणलं. अवाढव्य धूड. म्हैस आत शिरून, वळून, पुन्हा तोंडानंच बाहेर येईल एवढं त्याचं दार. आणि ते बोलायचं! बाईच्या आवाजात, मधात बोट बुडवून.

“काय म्हणते हो ही?” मी मालकांना विचारलं.

“स्वागत करत असेल. फार अदबीचे लोक ते. तुम्ही तुमच्या कॉलरी बघा.”

तेवढ्यात पाण्याची नळी सुटली आणि माझ्या पायावर कढत पाण्यानं स्वागत झालं. पुढच्या वेळी ती जरा जास्त बोलली, आणि फळीवरचं साबणाचं पिंप मालकांच्या डोक्यावर उपडं झालं. मालक नंतर कितीतरी दिवस शिंकले की फेस यायचा. तिसऱ्या वेळी यंत्र बंदच होतं, तरी आवाज आला. आणि वरचा दिवा फुटून काचा घड्यांत सांडल्या.

तेव्हा आमच्या डोक्यात उजेड पडला. बोलणं आधी, घडणं नंतर.

त्या दिवसापासून तळघराची कळा बदलली. आम्ही तिला गोडबोली म्हणायला लागलो, पण हळू आवाजात, तिला ऐकू जाऊ नये असं. ती बोलली की सगळ्यांचे हात जागच्या जागी थांबायचे. इस्त्रीखाली चादर करपायची, वास यायचा, तरी माझा हात उचलायचा नाही. आता काय? कुठून? कुणावर? इतक्या गोड आवाजाला इतकं कुणी भ्यालं नसेल.

पुतणीचा तर जीव टांगणीला. कारण कापड अडकलं की त्या दारातून हात घालायचा तो जावईबापूंनी.

“अहो, सोडा ना हे काम.”

“सोडतो. मग तुझे काका जेवायला वाढणार का?”

“माझ्याकडं बघू नका,” मी म्हणालो. “मीच तुमच्याकडं जेवतो.”

पुतणी हसली नाही. “शिव्या देतेय की शाप, एवढं तरी कळायला हवं,” म्हणाली, आणि सरळ जिना चढून गच्चीवरच्या खोलीत गेली. तिथं एक म्हातारा आचारी राहायचा. जन्मभर बोटीवर, त्यातला निम्मा जपानी खलाशांची पोटं भरण्यात गेलेला. त्याला तिनं गुरू केलं.

शिकणं म्हणजे काय गंमत नव्हती. त्या भाषेला लिप्या तीन. पुतणीच्या शब्दांत सांगायचं तर एक धुतल्यासारखी मऊ, दुसरी कात्रीनं कापल्यासारखी, आणि तिसरी म्हणजे गर्दीचं घर, एकेका अक्षरात माणसं, झाडं, छपरं सगळं कोंबलेलं. चादरी मोजायचे आकडे वेगळे, काठ्या मोजायचे वेगळे, माणसं मोजायचे आणखी वेगळे.

“आणि चादर काठीला गुंडाळली तर?” मी विचारलं.

“काका, गप्प बसा. आचारीकाकाही तिथंच अडलेत.”

एक गोष्ट मात्र आपल्यासारखी. क्रियापद शेवटी. म्हणजे थांबायचं की पळायचं हे वाक्य संपेपर्यंत कळायचं नाही. ते ऐकल्यापासून मी इस्त्री जिन्याकडं तोंड करून करायला लागलो.

आचारी तळघरात यायला काही तयार होईना. शेवटी पुतणीनं गोडबोलीचे बोल कानात साठवले आणि वर नेऊन त्याच्यापुढं जसेच्या तसे ओतले. आचाऱ्यानं हातातला कप बाजूला ठेवला.

“पोरी, ही माफी मागतेय.”

“कशाची?”

“जे व्हायचंय त्याची. त्यांच्यात आधी मागतात. घरात पाऊल टाकतानाच पाहुणा म्हणतो, तुम्हाला त्रास देणार आहे, क्षमा असावी. शित्सुरेई शिमास. ही छोटी माफी. सुमिमासेन म्हणाली तर मधली.”

“आणि मोठी?”

आचाऱ्यानं खिडकी लावून घेतली. “मोशिवाके गोझाइमासेन. म्हणजे, सबब सांगायलाही जागा उरली नाही. बोटीवर मी ती एकदाच ऐकली. सगळे कमरेतून वाकून उभे होते. पुढचं विचारू नकोस.”

पुतणीनं खाली येऊन हे सांगितलं तेव्हा मला माझी आई आठवली. ती ‘अरे गाढवा’ म्हणायची तोवर जीव सुखरूप असायचा. ‘या महाराज, बसा’ म्हणाली की मागच्या दारानं सुटायचं. अदब वाढली की समजावं, आता धडगत नाही.

त्यानंतर गोडबोली छोटं बोलली की आम्ही पाय उचलून घ्यायचो, मधलं बोलली की टेबलाखाली शिरायचो. मोठीची वाट कुणी बघत नव्हतं, आणि सगळेच बघत होते.

ती आली भर दुपारी. यंत्र बंद होतं. ओली चादर आत कुठंतरी पिळून बसलेली, आणि जावईबापू ती सोडवायला कमरेपर्यंत ड्रममध्ये. बाहेर फक्त दोन पाय.

आवाज आला. नेहमीपेक्षा हळू, नेहमीपेक्षा गोड. पुतणीच्या हातातली घडी गळून पडली. वाक्य लांब होतं. अर्ध्याहून जास्त तिला समजलंच नाही. पण पहिलाच शब्द ओळखीचा होता, आणि क्रियापदाची वाट बघायला ती थांबली नाही. झेपावली, नवऱ्याचे दोन्ही पाय धरले आणि ओले कपडे उपसावेत तसं त्याला बाहेर उपसलं. दोघं माझ्या टेबलावर येऊन आदळली.

ड्रम आपल्या आपण फिरला. एकदा सावकाश, मग डोळ्याला दिसेना इतका. आस तुटला, धूड उडालं, भिंत फोडून पलीकडं तळघरातल्याच पार्किंगमध्ये गेलं आणि मालकांच्या नव्या गाडीवर जाऊन विसावलं. जावईबापूंची एक चप्पल ओढाताणीत उडून आत पडली होती. ती मिळाली, पण तिची दोरी झाली होती.

मालकांनी आता कोरं यंत्र घेतलंय. “बघा,” ते अभिमानानं म्हणाले, “तोंड म्हणून उघडत नाही!”

खरंच उघडत नाही. हिरवा दिवा लावून गप्प बसतं. आणि तीच धास्ती. गोडबोली निदान सांगायची तरी. याला आधी सांगायची रीतच नाही. जावईबापू दारात हात घालतात तेव्हा डोळे पुतणीकडं असतात, आणि पुतणीचे यंत्राकडं. ती अजून गच्चीवर शिकायला जाते. मी म्हटलं, “आता कशाला?” तर म्हणाली, “काका, कुणीतरी आधी म्हणायला नको का?”

म्हणून रोज सकाळी बटण दाबण्याआधी ती यंत्रापुढं जराशी वाकते आणि स्वतःच छोटी माफी म्हणते. आधी आम्ही हसलो. मग तिनं म्हटल्याशिवाय बटणाला कुणी हात लावेना.

आज सकाळी ती अशीच वाकली, तोंड उघडलं, आणि छोटीऐवजी मोठी बाहेर पडली. सगळी. त्या दुपारी तिला न कळलेल्या अर्ध्यासकट. गोडबोलीच्याच मधाळ आवाजात. तिनं दोन्ही हातांनी तोंड दाबलं, पण वाक्य तोवर संपलं होतं.

जिना कसा चढलो ते विचारू नका. आम्ही सगळे आता रस्त्यापलीकडच्या बाकावर बसलोय. आत अजून काही झालेलं नाही. हॉटेलवाले खिडकीतून चादरींसाठी ओरडतायत.

“मी जाऊन बघून येतो,” जावईबापू मघापासून म्हणतायत.

“जा ना,” पुतणी म्हणते. पण त्यांच्या सदऱ्याचं टोक तिनं मुठीत धरलंय, आणि ती मूठ काही सुटत नाही.