दोघांचं वजन एका टोपलीत

मी एक जुना स्वयंपाकघरातला काटा आहे. अंग पत्र्याचं, वर पितळी ताट, पोटावर गोल तबकडी आणि एकच सुई. मित्रांनो, खोटं बोलणं मला कधी जमलं नाही. पण खरं बोलूनही माझ्या हातून एकदा घात होता होता राहिला, तेच आज सांगतो.

लांगनाऊ गावातल्या लिसबेथबाईंच्या लग्नात मी आहेर म्हणून आलो. चाळीस वर्षं दर शनिवारी मी वेणीसारख्या गुंफलेल्या पावाचं पीठ तोललं. मळायला बसण्याआधी बाई साबण लावून बोटातली अंगठी ओढून काढायच्या आणि माझ्या ताटात ठेवायच्या. त्यांचा नवरा वेर्नर पाव खाताना हटकून म्हणायचा, "हा काट्याचा गुण, तुझा नव्हे!" तेवढं कौतुक मला आठवडाभर पुरायचं. मग वेर्नर गेला, पाव बंद झाला आणि मी कपाटात मागे ढकलला गेलो. तीन वर्षं माझ्या ताटात धुळीशिवाय काही पडलं नाही.

एके दिवशी बाईंनी मला काढून पुसलं. घरात दोन गिनीपिग आले होते, मोक्की आणि फ्लोरी. गिनीपिग एकटा ठेवायचा नाही, तो झुरतो, असा आमच्या देशात कायदाच आहे. माणसांसाठी तसा काही नाही. हा प्राणी दुखणं लपवतो, म्हणून दर रविवारी त्याचं वजन करायचं असतं. पण फ्लोरी एकटी ताटात थरथरायची. बाईंना ते बघवेना. त्या दोघांना एकाच टोपलीत बसवून तोलू लागल्या. टोपली वजा जाता दोन किलो, दर रविवारी बरोबर दोन किलो. बाई निर्धास्त होत्या.

मला मात्र कळत होतं. टोपली एका अंगाला कलत चालली होती. मोक्की उपाशी राहत होता आणि त्याच्या वाट्याचं फ्लोरी फस्त करत होती. बेरीज तीच येत होती. एका सुईने मी दोन आकडे कसे सांगणार?

मोक्कीच्या लघवीत रक्त दिसलं, तेव्हा बाई त्याला घेऊन दवाखान्यात धावल्या. मुतखडा निघाला. ऑपरेशनला अकराशे चाळीस फ्रँक लागणार होते. संध्याकाळी झ्युरिकहून मुलाचा, रेतोचा, फोन आला. बाईंनी फोन माझ्या शेजारीच ठेवला होता.

"आई, पन्नास फ्रँकचा प्राणी तो! तेवढ्यात असे वीस येतील."

"येतील की. पण त्यात मोक्की असेल का?"

"आणि पैसे कुठून आणणार?"

"दात बसवायला ठेवलेत ना."

"अगं, मग चावशील कशाने?"

"मला कुठे गवत खायचंय? माझं भागेल मऊ पावावर."

डॉक्टरांनी सोबतीला फ्लोरीलाही आणायला सांगितलं होतं. दोघं गेली, दोघं परत आली. पण मोक्की काही खाईना. बाई सिरिंजने त्याला थोडं थोडं पातळ भरवत राहिल्या. आता वजन रोज आणि वेगवेगळं. फ्लोरी थरथरली की बाई तिच्याभोवती तळहात आडवा धरायच्या, टेकवायच्या नाहीत. मोक्की सातशे नव्वद. सातशे सत्तर. पुन्हा सातशे सत्तर. आठव्या दिवशी सातशे ऐंशी! बाईंनी मला चक्क थोपटलं. मला रडता येत असतं तर मी रडलो असतो.

आज मोक्की नऊशे ग्रॅम आहे. शनिवारचा पावही पुन्हा सुरू झाला. बाई कडा काढून नुसता आतला गर खातात, तोही अर्धाच. अंगठीला आता साबण लागत नाही. ती आपोआप सुटून माझ्या ताटात पडते. तेवढ्याने माझी सुई हलत नाही.

रविवारी रेतो विचारतो, "काय आई, सगळे बरे ना?"

"आम्ही तिघंही मजेत!" बाई म्हणतात.

मित्रांनो, ही पुन्हा तीच टोपली आहे. बाईंना तोलेल असा काटा या घरात नाही आणि रेतोला सांगायला मला वाचाच नाही. म्हणून तुम्हाला विनवतो, घरी फोन कराल तेव्हा 'सगळे बरे ना' असं विचारू नका. एकेकाला टोपलीतून बाहेर काढा. आईला नुसतं आईबद्दल विचारा, आज काय खाल्लंस म्हणून.