लांडगिणीकडे कसे जाल?

माझ्या हातून चुका पुष्कळ होतात, पण छापून आलेली ही पहिलीच.

मी नीलिमा. एका वन्यजीव संस्थेत लांडगे मोजायची नोकरी करते. घर साताऱ्यात, पण महिन्यातले वीस दिवस माण आणि आटपाडीच्या मधल्या माळावर जातात. उरलेल्या दिवसांत एका दैनिकाच्या रविवार पुरवणीत भटकंतीचं सदर लिहिते. संस्थेतले साहेब म्हणतात, लिहीत जा, लोकांना लांडग्याबद्दल माया वाटेल. पुरवणीचा संपादक जयराज म्हणतो, अहवाल लिहू नकोस, वाचकाला बोटाला धरून ने. मी दोघांचंही ऐकायला गेले आणि तिथंच माती खाल्ली.

माघातल्या त्या रविवारी माझा लांडगिणीवरचा लेख आला. आमच्या सगळ्या पट्ट्यात यंदा व्यालेली ती एकटीच. पिलं जेमतेम तीन आठवड्यांची. लेखात मी गावाचं नाव कटाक्षाने टाळलं होतं. पण सदराच्या शेवटी एक चौकट असते, 'कसे जाल?'. कुठली एसटी, कुठल्या फाट्यावर उतरायचं, चहा कुठं बरा मिळतो. चार वर्षं भरून भरून ती माझ्या हाताला पाठ झालेली. शनिवारी जयराजचा फोन आला की चौकट राहिलीय, आणि मी कपडे वाळत घालता घालता त्याला सांगून टाकली. म्हसवडच्या पुढचा फाटा, डावीकडे बिरोबाचं देऊळ, देवळामागची घळ. लेखात दोन हजार शब्द खर्चून जे झाकलं, ते चार ओळींत उघडं केलं.

रविवारी अकरा वाजता एका वाचकाचा फोटो आला. देवळापुढं उभी जीप, टोप्या घातलेली पाच-सहा माणसं, आणि खाली विचारणा, 'मॅडम, पोहोचलो. पिलं कुठल्या बाजूला?'

मी आधी जयराजला फोन केला. जयराजनं वेबसाइटवरची चौकट लगेच काढली, पण छापील अंक सातारा-सांगलीत घरोघर पडलेला. माणसांचा वावर वाढला की लांडगीण एकेक पिलू तोंडात धरून दुसरीकडे हलवते, आणि उघड्या माळावर, दिवसाढवळ्या, एवढाल्या पिलांतलं एखादं तरी वाटेत जातंच. शिवाय बिळात काठी घालून बघणारा कुणीतरी असतोच. मी अर्जुनाआबांना फोन लावत राहिले. तो बंद. मग गाडीला किक मारली. कोरेगाव, पुसेगाव, दहिवडी असं करत स्वतःला शिव्या घालत निघाले. त्या शिव्या इथं लिहिण्यासारख्या नाहीत.

अर्जुनाआबा म्हणजे मला ते बीळ दाखवणारा माणूस. पिढ्यानपिढ्या मेंढरं राखणारं घर. दिवाळीनंतर पोरं मेंढरं घेऊन पश्चिमेकडे गेलेली, आबा आणि त्यांची बायको भामाबाई शेळ्या सांभाळत देवळाजवळच्या घरीच. मी पोहोचले तेव्हा तीन वाजून गेले होते. आबा अंगणात निवांत शेळ्यांना बाभळीच्या शेंगा टाकत होते. सकाळपासून तीन गाड्या येऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं. माणसं चांगली होती, म्हणाले, घळीत उतरून बिळाचे फोटो काढले, भामाबाईनं त्यांना पाणी दिलं.

मला राहवलं नाही. चौकटीपासून सगळं सांगून टाकलं आणि सांगताना रडू फुटलं. पिलं मेली असतील तर माझ्यामुळं मेली, असंही म्हणाले. आबांनी सगळं ऐकून घेतलं, हात झटकले.

"मॅडम, ते बीळ साळिंदराचं हाय."



झालं होतं ते असं. पंधरा दिवसांपूर्वी आबांनी मला बीळ दाखवलं ते शंभर पावलांवरून. व्यालेल्या मादीच्या बिळाजवळ जायचं नाही, हा नियम माझाच, मीच त्यांना शिकवलेला. त्याचाच त्यांनी फायदा उठवला. लांडगीण खरी होती, तिला मी माळावर पाहिलंही होतं, पण घर त्यांनी भलत्याचंच दाखवलं. मी संस्थेच्या अहवालात 'बीळ क्रमांक सात, वापरात' अशी नोंद करून मोकळी झाले. लेखात तर 'बिळाच्या तोंडाशी एक इवलीशी सावली हलली' असंही लिहिलं होतं. ती कुणाची हलली ते साळिंदरालाच ठाऊक.

पिलं कशी आहेत, एवढंच मी विचारलं. ती तिथून लांब आहेत, चारीच्या चारी धडधाकट आहेत, काल सांजच्याला आबांनी स्वतः बघितली होती. माझ्या छातीवरचं ओझं असं उतरलं की मी तिथंच मातीत बसले. इतकं हलकं मला कित्येक वर्षांत वाटलं नव्हतं. भामाबाईंनी चहा आणून हातात दिला आणि पाठीवरून हात फिरवला.

मग मागाहून थोडा रागही आला. वर्षभर याच अंगणात जेवले, आणि मला फसवलं? का, म्हणून विचारलंच.

"तुमी लिवता," आबा म्हणाले. "मानूस म्हनून तुमी लय चांगल्या. पर लिवणाऱ्याच्या पोटात काय ऱ्हात न्हाई. न्हाई ऱ्हायलं न्हवं?"

मी कप खाली ठेवला. अहवालातली नोंद खोडायची, साहेबांना खरं सांगायचं, हे मनाशी ठरवलं. तरी सवय कुठं जाते. नोंद दुरुस्त करायला खरी जागा हवी, म्हणून वही उघडली आणि विचारायला तोंडही उघडलं. आबा माझ्याकडे बघत होते. माझं मलाच कळलं. मी वही मिटली.

"राहू द्या आबा, सांगू नका."

आबांनी उरलेल्या शेंगा शेळ्यांपुढं टाकल्या.

"म्या कुठं सांगत हुतो?"

भामाबाई पदर तोंडाला लावून हसायला लागल्या, आणि मीही हसले.