रिव्हर्सला आवाज कोण देणार

पुढं जायला मला कुणी शिकवायची गरज नव्हती. फडातून कारखान्यापर्यंत उसाचा ट्रॅक्टर मी अर्धी हयात हाकला, भरल्या ट्रॉलीसकट उतार उतरवले. असला माणूस पन्नाशीत ट्रकच्या लायसन्ससाठी पाथर्डीच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या मैदानात येतो आणि अडकतो कशात, तर मागं येण्यात. तुम्हाला हसू येईल. मलाही यायचं, मग चीड यायची.

कारण सांगतो. आमच्याकडं ऊसतोडीला जोडीनं जातात. मी ट्रॅक्टर चालवायचो आणि माझी बायको लंका टोळीत ऊस तोडायची. ट्रॉली फडाला लावायची वेळ आली की ती कोयता खाली टाकून मागं जाऊन उभी राहायची आणि ओरडायची, "येऊ द्या... येऊ द्या... माझ्या अंगाला घ्या... बास!" ट्रॅक्टरचा आरसा पहिल्याच हंगामात उसानं मोडला, तो मी पुन्हा बसवलाच नाही. लंका असताना आरसा कशाला? बांध असो, विहीर असो, ती कधी चुकली नाही.

गेल्या वर्षी तिला कावीळ झाली आणि ती गेली. लोक म्हणतात हळूहळू सवय होते. साफ खोटं आहे. एका माणसापुरत्या भाकरी थापणं मला अजून जमत नाही, रोज एक तरी उरतेच. टोळीच्या मुकादमानंही त्या हंगामाला नेलं नाही. "अजिनाथ, एकट्याला घेऊन काय करू? जोडी पायजे," म्हणाला. खरंच होतं ते, पण जरा मऊ बोलायला काय जात होतं त्याचं?

लेक धनश्री कोल्हारला दिलेली. ती रोज फोन करायची, "आप्पा, हितंच या ऱ्हायला." जावई भला माणूस आहे, पण जावयाच्या ओसरीवर खाट टाकून चहाची वाट बघत बसायचं, हे काही मला पटेना. अशात घोडेगावच्या एका कांद्याच्या आडत्यानं शब्द दिला की हेवी लायसन्स काढा, ट्रक तुमच्या हातात देतो. टेस्टच्या दुसऱ्या खेपेपर्यंत मात्र तो थांबणार नव्हता. पास झालो तर माझं मी कमावून खाणार, नापास झालो तर बोचकं बांधून कोल्हार. इतकं सरळ होतं.

शिकवायला वाल्मिक सर. वयानं माझ्या लेकीएवढा, पण सर म्हणावंच लागतं. ट्रॉली मागं घेताना डावीकडं न्यायची तर स्टेअरिंग उजवीकडं फिरवावं लागतं. ट्रकचं तसं नसतं, म्हणून पहिल्या दिवशी मी सगळंच उलटं केलं. ती सवय हातांनी आठवडाभरात सोडली, कानांची खोड मात्र जाईना. मागं घेताना वळणाच्या मध्यात माझा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

"काका, थांबला का?"

"आवाज न्हाई आला."

"कुनाचा?"

काय सांगणार? माझ्या मागं दोन बांबू रोवलेले होते आणि एक शेळी चरत होती.

शेवटी तो बिचारा स्वतः मागं जाऊन उभा राहिला. "येऊ द्या, येऊ द्या" करत त्यानं आवाज दिला आणि ट्रक अलगद आत बसला. मी खूश झालो. तो मात्र डोकं धरून पुढं आला. "काका, टेस्टला मागं कुनाला उभं ऱ्हाऊ देत न्हाईत. काच वर करा आन् आरशात बघा."

आरशात बघा! सांगायला सोपं आहे. आरशात बघितलं की मागचं सगळं मोकळं दिसतं. मोकळं मैदान, मोकळा रस्ता, कुठं कोणी नाही. घरी दिवसभर मी तेच बघत होतो, आता ते शिकायलाही यायचं. त्या दिवशी मी गाडी बंद करून बराच वेळ तसाच बसलो. वाल्मिक सरानं घाई केली नाही, हे त्याचं मोठेपण.

टेस्ट नगरला होती. ट्रॅकवर आरटीओचे साहेब हातात कागद घेऊन लांब उभे होते. पुढचं सगळं नीट झालं. चढावर गाडी थांबवून पुन्हा उचलली, जराही मागं सरकू दिली नाही. मग मागं घ्यायचं वळण आलं. काच वर केली, आरशात नजर लावली. मध्यावर आलो, पाय ब्रेकवर गेला आणि तिचा आवाज आला, उसाच्या पाचटातून यावा तसा. "येऊ द्या... येऊ द्या..."

ब्रेकवरचा पाय निघाला, गाडी सरकली, आणि आरशात खांब दिसला, चाकाला खेटायच्या बेतात. आवाज म्हणत होता, येऊ द्या. आरशात दिसत होतं की थांबायला हवं.

लंका चुकली नसती. खांब इतका जवळ आल्यावर तिनं "बास!" म्हणून माझे कान फाडले असते. म्हणजे हा आवाज तिचा नव्हता, मीच तो मनात काढत होतो. हे कळलं तसा मी ब्रेक दाबला, आरशाकडं बघत स्टेअरिंग फिरवलं आणि ट्रक आत घातला. मागून काही ऐकू आलं नाही.

"पास," साहेब म्हणाले आणि पुढचं नाव पुकारलं.

वाल्मिक सरानं पाठ थोपटली, चहा पाजला. एस.टी. स्टँडवर येऊन मी धनश्रीला फोन लावला. पोरगी आनंदानं ओरडलीच. मग जरा दबकत म्हणाली, "म्हंजी आता तुमी न्हाई येनार हिकडं?"

"येईन की, ट्रक घेऊन."

ती हसली. मला मात्र हसू येईना. ट्रॅकवरून निघाल्यापासून मी तो आवाज आठवून बघत होतो आणि येत होते ते नुसते शब्द. तेही माझ्याच आवाजात. शेवटी धीर करून म्हणालो, "धना, तुजा आवाज आईवर गेलाय म्हनत्यात. ती ट्रॉलीमागं वरडायची, येऊ द्या, येऊ द्या, तसं जरा म्हनून दाव. एकदाच."

"आप्पा," ती म्हणाली, "मी ते कदी ऐकलंच न्हाई. हंगामाला तुमी मला वसतिगृहात ठिवून जायचा ना."

"व्हय गं," मी म्हणालो. फोन मात्र कुणीच ठेवला नाही.