एकादशीचा कैदी

मी एक जुना, उंदीर पकडायचा पिंजरा आहे, मित्रांनो. लाकडी तळ, तारेची जाळी आणि स्प्रिंगचे दार, एवढाच माझा देह. मिरजेच्या एका सुताराने मला घडवले आणि पद्मिनीबाईंच्या सामानातून मी चंदीगडला, सेक्टर तीसमधल्या सरकारी क्वार्टरमध्ये आलो.

पद्मिनीबाईंचे रोज काही ना काही व्रत असे. उंदीर सापडला की त्या मला फडक्यात झाकून नाल्याकाठी नेत, दार उघडत आणि हळूच म्हणत, "जा बाबा, पुन्हा येऊ नकोस." तेव्हा मला माझ्या कामाची लाज वाटत नसे.

मग त्यांचे धाकटे दीर वामनराव यांनी स्कूटरखाली येऊन जखमी झालेली एक धामण घरी आणली. बरी होईपर्यंत ती काचेच्या पेटीत राहणार होती. माझे उंदीर आता नाल्याऐवजी पेटीत जाऊ लागले. वामनराव समोर बसून राहत. धामणीने तोंड लावले नाही, तर उंदीर लगेच बाहेर काढत. पद्मिनीबाईंची अट एकच होती : एकादशीला या घरात कुणाचा जीव जायचा नाही. त्या दिवशी सापडलेला उंदीर द्वादशीपर्यंत माझ्याच पोटात राही. जाळीला नाक लावून तो बाहेर बघे, आणि मलाही गुदमरल्यासारखे होई.

पंजाबातले ते भीतीचे दिवस. अशाच एका एकादशीला कर्फ्यू लागला आणि वामनराव मोहालीत अडकले. खिडक्या बंद, रस्त्यावर फक्त शिपायांच्या बुटांचा आवाज. पेटीत धामण, माझ्यात उंदीर, घरात पद्मिनीबाई. सगळीच कोंडलेली.

द्वादशी उजाडली, पण पद्मिनीबाई उपास सोडेनात. पेटीत मुका जीव उपाशी असताना घास उतरणार कसा? शेवटी त्यांनी माझे तोंड पेटीला लावले, दार उचलले, उंदीर आत गेल्यावर पेटी झाकली आणि देवघरात जाऊन डोळे मिटून जप करत बसल्या. मी पेटीशेजारीच होतो. धामणीचे डोळे दुधाळ झाले होते. ती हललीच नाही. उंदीर आधी कोपऱ्यात थरथरला, मग भुकेने तिची पाठ कुरतडू लागला. मला ओरडता आले नाही.

कर्फ्यू सैल झाल्यावर वामनराव आले. उंदराला त्यांनी परत माझ्यात घातले आणि जखम धुतली. "वहिनी, डोळे असे दुधाळ झाले की ती कात टाकणार असते. तेव्हा ती खात नाही," ते म्हणाले. "आणि जिवंत उंदीर तिच्याजवळ एकटा सोडायचा नसतो. उपाशी तर मुळीच नाही."

पद्मिनीबाईंनी वाकून जाळीतून उंदराकडे पाहिले.

"उपास माझा होता, भावजी. त्या बिचाऱ्याला कशाला घडवला मी?"

त्यांनी आधी जाळीतून शेंगदाणे टाकले. ते संपल्यावर मला नाल्याकाठी नेले.

वामनराव म्हणाले, एका संस्थेतून मेलेले पांढरे उंदीर मिळतील. ते फ्रिजच्या बर्फात ठेवायचे, कोमट पाण्यात सैल करायचे आणि चिमट्याने हलवत धामणीपुढे धरायचे. पण फ्रिजमध्ये देवाचे दूध होते, आणि या घरात कधी अंडेही आले नव्हते. पद्मिनीबाई उठल्या आणि दुधाचे पातेले शेजारच्या सुरजीतकौरांकडे ठेवून आल्या. "भाभीजी, ठाकुरजी का दूध हमारे यहाँ और चूहे आपके यहाँ?" म्हणून त्या खूप हसल्या म्हणे. पण जागा दिली.

धामण बरी झाली. वामनराव तिला पंचकुल्यापलीकडच्या रानात सोडून आले. मी मात्र गॅलरीत खिळ्याला लटकून गंजतो आहे. मला आता कुणी पुसतही नाही. मित्रांनो, त्याचे मला फारसे दुःख नाही. कुणाला कोंडायची वेळ आलीच, तर त्याच्या भुकेची आठवण ठेवा आणि दार लावून पाठ फिरवू नका. माझे दार पद्मिनीबाईंनी सुतळीने बांधून ठेवले आहे. उघडे.