कवळीवाल्याचे चिनी आजोबा

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. जुना म्हणजे टाकाऊ नव्हे, हे आधीच सांगून ठेवतो. तुमच्यातल्या निम्म्यांना कॅसेट कुठल्या बाजूने घालतात तेही ठाऊक नसतं आणि वर माझ्याकडे बघून ‘अय्या, किती गोड!’ म्हणता. गोड म्हणे! मी काय बिस्किट आहे? तर आता गप्प बसा आणि ऐका.

माझा जन्म कारखान्यात झाला. त्या दिवशी माझ्यासोबत चारशे जण तयार झाले. तपासनीस बाईंनी कानाला हेडफोन लावून प्रत्येकाला ऐकलं. माझ्या पाळीला त्या म्हणाल्या, ‘हा अगदी बरोबर चालतो.’ हे वाक्य मी पुढे कितीतरी वर्षं मिरवलं.

माझी पहिली नोकरी लघुलेखनाच्या क्लासात. मास्तर टेप लावायचे आणि मुलंमुली ते बोलणं खुणांनी वहीत उतरवायची. उतरवायची कसली डोंबलाची! निम्म्यांचे हात तिसऱ्या वाक्यालाच मागे पडत. शेवटी मास्तरांनी माझं झाकण उघडलं, मोटरजवळचा एक बारीक स्क्रू डावीकडे फिरवला आणि तो हलू नये म्हणून त्यावर लाल नेलपॉलिशचा ठिपका दिला. तेव्हापासून मी हळू चालू लागलो. बाईचा आवाज माझ्यातून बाप्याच्या आवाजासारखा जाड निघे, पण त्या वर्षी सगळा वर्ग पास झाला. मास्तरांनी माझ्या पाठीवर थाप मारली. मला वाटलं, हळू चालणं हाच मोठेपणा.

मग कॉम्प्युटर आले, क्लासला कुलूप लागलं आणि मी एका जुन्या सामानाच्या दुकानात तुटक्या मिक्सरशेजारी तीन वर्षं पडून राहिलो. तिथून मला ज्याने उचललं, तो कवळीवाला.

हा माणूस दातांच्या डॉक्टरांसाठी कवळ्या बनवतो. डॉक्टर तोंडाचं माप पाठवतात, हा त्यात प्लास्टर ओततो, साचा काढतो, मेणात दात बसवतो. केसाएवढा फरक पडला तरी सगळं मोडून पुन्हा करतो. त्याची थोरली बहीण, ताई, फोन घेते, पार्सलं बांधते आणि भावाला ताळ्यावर ठेवते. निदान तसा प्रयत्न करते.

कारण भावाला वेड होतं चिनी भाषेतल्या रॉकचं. बरं, तेही साधंसुधं नव्हे. ज्यांना कुठलीही कंपनी दारात उभं करत नाही, जे तळघरात वाजवतात आणि स्वतःच्या हाताने कॅसेटी भरून विकतात, असलेच बँड त्याला हवेत. त्याच्याकडे अशा चार कॅसेटी होत्या. त्यांतली एक म्हणजे तर त्याचा जीव की प्राण! वेष्टनावर पाणी आटलेल्या पोहण्याच्या तलावाचा फोटो, माणूस एकही नाही. अशा फक्त शंभर कॅसेटी निघाल्या होत्या, आणि ती गाणी इंटरनेटवर कुठेच नव्हती. भाषेचा याला गंध नाही. पण गाण्यातला प्रत्येक उच्चार त्याने देवनागरीत लिहून साच्यांच्या फळीवर चिकटवला होता. प्लास्टर विकायला येणाऱ्या माणसालासुद्धा तो सोडायचा नाही. बिचारा पोती खांद्यावर घेऊन उभा, आणि हा म्हणतोय, ‘थांबा थांबा, आता गिटार कशी येते बघा!’

ताई म्हणायची, ‘अरे, त्यांची पोती तरी उतरव आधी.’

‘ताई, तू हा आवाज ऐक ना! म्हातारा गडी आहे. किती सोसलं असेल यानं! एकेक शब्द विहिरीतून पाणी शेंदल्यासारखा वर काढतो. या भाषेत घाईच नाही बघ.’

त्या गायकाचं नाव त्याने ‘आजोबा’ ठेवलं होतं. सकाळी काम सुरू करताना तो बटण दाबून म्हणे, ‘चला आजोबा.’ जगभरच्या शौकिनांच्या गटात त्याने या आजोबांच्या संथपणावर भला मोठा लेख लिहिला. तिथल्या चिनी मंडळींनी ‘वेगळाच विचार आहे’ एवढंच उत्तर दिलं. त्या बिचाऱ्यांनी तरी ती कॅसेट कुठे ऐकली होती?

मला माहीत होतं का, म्हणून विचारताय? होतं हो! ठिपका माझ्याच पोटात होता. आणि मी अकरा वर्षं मनातल्या मनात हसत होतो. म्हटलं, केवढा हा बावळट! मास्तरांनी ढ पोरांसाठी फिरवलेल्या स्क्रूला हा तत्त्वज्ञान समजतोय. आपल्या भाषेतलं गाणं असतं तर शेंबडं पोरही म्हणालं असतं, ‘काका, तुमचा टेप हळू चालतोय.’ पण हा पडला रसिक! रसिकाला कोण सांगणार?

मग एक दिवस त्या बँडच्या ढोलकऱ्याचा संदेश आला. कवळीवाल्याने फोनवर त्याचा अर्थ लावून ताईला वाचून दाखवला. आमच्याकडे गाणाऱ्या व्यक्तीच्या घशाचं ऑपरेशन झालं, गाणंच काय, बोलणंही संपलं. आमच्या कॅसेटी गोदामात पाणी शिरून गेल्या. तुमच्याकडे एक आहे असं तुमच्या लेखात वाचलं. तो आवाज पुन्हा एकदा ऐकवायचा आहे. नक्कल करून पाठवाल का?

वाचून झाल्यावर त्याने फोन खाली ठेवला. ‘ताई, आजोबांचा आवाज गेला गं.’

मित्रांनो, खरं सांगतो, त्या क्षणी माझं हसू जागच्या जागी जिरलं. मुक्या झालेल्या माणसाला त्याचा म्हणून मी भलताच आवाज पाठवणार होतो. आणि सांगणार कसं? मला बटणं आहेत, तोंड नाही.

ती टेप अकरा वर्षांत झिजली होती. एका जागी तर सुरकुतली होती, कधी तुटेल याचा नेम नव्हता. ‘एकदाच वाजवायची आणि एकदाच भरून घ्यायची,’ कवळीवाला म्हणाला. मला कॉम्प्युटरला जोडलं, पण वायर नीट चालते का हे बघायला दुसरी टेप हवी होती. उरलेल्या तिन्ही चिनी. त्याही त्याला खर्चायच्या नव्हत्या.

ताईने कपाटातून एक कॅसेट काढली. ती नोकरीसाठी परगावी राहायची तेव्हा आईने पत्राऐवजी बोलून पाठवलेली. आई गेल्यापासून तिने ती ऐकली नव्हती. ‘लाव,’ ती म्हणाली, ‘आणि माझ्याकडे बघू नकोस.’

त्याने बटण दाबलं. माझ्यातून एक जाड, पेंगुळलेला आवाज आला. ‘बा...ळे, जे...व...लीस का...’

ताई खुर्चीतून उठलीच. ‘ही आई नाही.’

‘टेप जुनी आहे गं, खेचली गेली असेल.’

‘आईचा आवाज तू मला शिकवू नकोस. आई असं बोलायची? एका श्वासात तीन प्रश्न विचारायची आणि उत्तराच्या आधी चौथा! हा कोण पुरुष बसवलायस तू या डब्यात?’

कवळीवाल्याने कॅसेट बाहेर काढून बघितली. कॅसेटवर छापलं होतं, एक बाजू तीस मिनिटं. त्याने टेप सुरुवातीला आणली, घड्याळ समोर ठेवलं आणि पूर्ण बाजू वाजवली. ती अडतीस मिनिटांनी संपली. दाताच्या मापात केसभर चूक न खपवणारा हा माणूस अकरा वर्षांत एकदाही माझ्याकडे घड्याळ लावून बसला नव्हता!

त्याने माझं झाकण उघडलं. लाल ठिपका दिसला. मेण कोरायच्या बारीक हत्याराने त्याने तो खरवडला आणि आईची टेप पुन्हा लावून स्क्रू उजवीकडे फिरवू लागला. ताई डोळे मिटून उभी होती.

‘अजून. अजून थोडं. नाही, आता जास्त झालं, आईला एवढी घाई फक्त बस चुकायची असली की असायची. मागे घे. हां... हां! आली. आली रे आई!’ आणि ती ढसाढसा रडली.

मग त्याने तलावाच्या फोटोची कॅसेट घातली. गाणं सुरू झालं ते धावतच. आणि गात होती एक पोरगी! वीस-बावीसची असेल. आवाज चुरचुरीत, शब्दांवर शब्द आपटत होते. दुसऱ्या गाण्यात आजोबा ज्या जागी हुंदका देत, तिथे ती चक्क फिसकन हसली होती.

टेप तुटली नाही. नक्कल भरली गेली, त्याने ती पाठवली आणि मग स्टुलावर बसून राहिला.

‘ताई, माझे आजोबा कुठे गेले गं?’

मला वाटलं, आता ताई त्याची चांगली सालटी काढणार. पण तिने फक्त त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली, ‘चहा टाकते.’

चार दिवसांनी ढोलकऱ्याचं उत्तर आलं. आमची गायिका ऐकत बसली. स्वतःचं हसू आलं तेव्हा टेबलावर बोटांनी ठेका धरला. मग पाटीवर लिहिलं: पुन्हा लाव.

कवळीवाल्याने हे उत्तर मोठ्याने तीनदा वाचलं. मग त्या नकलेची स्वतःसाठी एक कॅसेट भरली, माझ्यात घातली, झाकण उघडं ठेवलं आणि प्लास्टरने पांढरा झालेला अंगठा माझ्या मोठ्या चाकाच्या कडेवर अलगद टेकवला. चाक मंदावलं. पोरगी जाड झाली, संथ झाली, शब्द विहिरीतून वर येऊ लागले.

‘या आजोबा,’ तो हळूच म्हणाला. ‘बरे आहात ना?’

आजोबांना माझ्याशिवाय जगात कुणी जन्माला घातलं नव्हतं, आणि या माणसाशिवाय कुणी जीव लावला नव्हता. मी मात्र अकरा वर्षं त्याला बावळट म्हणत बसलो होतो. त्याचा अंगठा लागला की मी आता मुकाट्याने हळू होतो.

मित्रांनो, शेवटी जुन्या यंत्रांची निगा राखा असं म्हणायची रीत आहे. राखा. धूळ पुसा, पट्टा बदला. आणि जे जुने शहाणे कोपऱ्यात बसून सगळ्या जगाला हसत असतात ना, त्यांचं झाकण अधूनमधून उघडून बघा. आम्ही आपणहून सांगत नाही.