बादशहाचा वेग

गाडी शिकवणारे मास्तर रस्त्यावर वाघ. घरी मात्र कॉम्प्युटरवरच्या घोड्यांच्या शर्यतीत बायकोपुढे रोज चारी मुंड्या चीत. हरेल त्याने सकाळचा चहा करायचा, असा करार. त्यामुळे हिवाळाभर गार फरशीवर पाय टाकत चहा मास्तरच करत होते. आणि आता बाईसाहेबांनी जाहीर केलं, "रविवारची शर्यत शेवटची. हरेल त्याने जन्मभर चहा."

जन्मभर! मास्तरांची झोपच उडाली.

शिकायला येणाऱ्या एका मुलीने क्लच सोडता सोडता सांगितलं, "काका, खेळाचा सगळा कारभार एका साध्या फाइलीत असतो. आकडा बदला, घोडा पळेल." बायको भाजी आणायला गेली तशी मास्तरांनी ती फाइल उघडली. वरच लिहिलेलं: सर्व प्राणी, वेग पाच. 'घोडा' म्हणून पुढे होतं, पण तिथे वेगाचा आकडाच नव्हता. म्हणजे वरचाच त्याला लागू. मास्तरांनी पाचाचे पन्नास केले आणि फाइल मिटली. बायकोची घोडीही प्राण्यांतच मोडते, हे डोक्यात आलं नाही. आणि शेवटपर्यंत वाचायचे कष्ट कोण घेतो? शिकाऊंच्या कानाशी "आरसा बघा, आरसा बघा" म्हणून ओरडणारा हा माणूस!

शर्यत सुटली आणि काय तो गोंधळ! कोंबड्या गोळीसारख्या सुटल्या, गाई कुंपणं मोडून पार झाल्या, एक कासव पुलावरून बघता बघता दिसेनासं झालं. बायकोची घोडी तर केव्हाच पोचली. आणि मास्तरांचा घोडा, बादशहा? चालला होता आपला रमतगमत.

"फाइलीत हात घातलास ना?" बायकोने विचारलं.

"घातला! पण मग माझाच घोडा असा का?"

बायकोला एकदम कपड्यांच्या घड्या घालायची आठवण झाली. मास्तरांनी फाइल उघडली, या वेळी तळापर्यंत वाचली. अगदी शेवटी कुणीतरी भर घातली होती: बादशहा, वेग तीन. वर सगळ्यांसाठी काहीही लिहा, खाली एकट्याचं वेगळं लिहिलं असेल तर तेच चालतं. चोरावर मोर!

"सगळा हिवाळा? एका चहासाठी?"

"चहासाठी कशाला? पांचट तर करतोस," ती म्हणाली. "पण तो घेऊन येतोस तेव्हा घटकाभर पलंगावर बसतोस, बोलतोस. एरवी उठल्या उठल्या तुझी गाडी आणि तुझे शिकाऊ. मला मेलीला कोण विचारतं?"

मास्तर कॉम्प्युटरकडे वळले. त्यांनी वरच्या पन्नासाचे पुन्हा पाच केले. खालच्या तिनाला हात लावला नाही.

"बरं, पांचट का होतो तेवढं सांग," ते म्हणाले. "जन्मभर करायचाय."