गोदूमावशी गावाला जाते

मालिका लिहिणाऱ्या ऋतुराजचा फोन आला तेव्हा शालन कोथिंबीर निवडत होती. "मावशी, 'चार घरं, एक जिना' परत येतंय," तो म्हणाला, आणि तिच्या हातातली काडी हातातच राहिली.

बंद पडून वर्षं लोटली होती त्या मालिकेला. चालली होती तेव्हा अशी चालली, की तिच्यात जन्मलेलं बाळ तिच्यातच शाळेत गेलं. शालन त्यात समोरच्या घरातली गोदूमावशी. गोष्टीत तिला तसं काम काहीच नाही. वाटी घेऊन दारात यायचं, काय मागायला आलो ते विसरायचं, बसायचं, उठायचं, जायचं. लिहून आलेल्या पानावर 'गोदूमावशी येते' एवढंच असे आणि खाली कोरी जागा. ती जागा शालनची. आईच्या तोंडच्या ओव्या तिच्या कानात मुरलेल्या होत्या. कधी सिलेंडर संपला म्हणून, कधी लिफ्ट अडकली म्हणून, ती एखादी वळवून घ्यायची आणि उंबऱ्यातच सूर धरायची:

*शेजी माझी बाई, हाक मारिते दारात*
*वाटी साखरेची, घेते मनच पदरात*

मग घरातली सगळी हातातलं काम टाकून तिच्याकडे बघत राहायची. आणि बाहेर, घराघरांत, बघणारीसुद्धा.

"किती दिवस चालणार रे?" तिने विचारलं.

"आठ भाग आहेत, मावशी."

"महिन्याला?"

"नाही, एकूण आठ. आता मोबाईलवर येतं ना, सीझन असतो."

शालनला हसू फुटलं. "अरे, पूर्वी आठ भागांत आपल्या तळमजल्यावरच्या अप्पांचं वॉशिंग मशीनसुद्धा दुरुस्त व्हायचं नाही!"

ऋतुराजही हसला. जरा उशिरा हसला.

ठरल्या दिवशी ती डोंबिवलीहून बाळकुमला गेली. शूटिंगच्या जुन्या शेडच्या जागी आता टॉवर उभा होता. नवीन फ्लोअर त्याच्या मागच्या गल्लीत. जिना मात्र तसाच बांधलेला, फक्त पायऱ्या कमी. मेकअप रूममध्ये बर्नाडेट वाटच बघत होती. शालनचा अंबाडा पहिल्यापासून तिच्याच हातचा.

"ये गं बाई, ये. केस कुठे ठेवून आलीस?"

"गळले. तुझ्या त्या स्प्रेने."

"माझ्या स्प्रेला नावं नको ठेवू. अख्खी मालिका त्याच्यावर उभी होती," बर्नाडेट म्हणाली आणि गंगावन विंचरायला बसली.

तेवढ्यात पान आलं. पानावर कोरी जागा कुठेच नव्हती. गोदूमावशी हातात पिशवी घेऊन दारात येते आणि म्हणते, 'जरा गावाला जाऊन येते गं. घराकडे लक्ष ठेव.' संपलं.

शालनचा चेहरा उजळला.

मालिकेतल्या माणसांना हे वेगळं सांगावं लागत नाही. शालनचं ऑपरेशन झालं तेव्हा गोदूमावशी गावाला गेली होती. अप्पांचं काम करणाऱ्याला सिनेमा मिळाला तेव्हा अप्पा गावाला गेले होते. गावाला गेलेलं माणूस परत येतं. येताना फणस आणतं, नाहीतर नवीन भांडण आणतं, पण येतं. जो यायचा नसतो त्याच्या फोटोला हार चढतो, बाकीचे दोन दिवस डोळे पुसतात. तेव्हा गावाला पाठवलं म्हणजे तुझी जागा धरून ठेवली, एसटीत पदर टाकून धरतात तशी.

"मोठी एंट्री ठेवलीय वाटतं शेवटी," ती आरशात बघत म्हणाली.

बर्नाडेटच्या तोंडात पिना होत्या. त्या काढून ती म्हणाली, "शालन, बाकीच्यांना पूर्ण शेड्यूल दिलंय. तुला एकच दिवस बोलवलंय."

"मग? गावाला गेलेय ना मी. परत आले की बोलवतील."

बर्नाडेटने एकदा आरशातल्या शालनकडे बघितलं आणि पिना पुन्हा तोंडात धरल्या.

शॉट लागला. शालनने वाक्य म्हटलं, आणि उंबरा दिसला तशी जिभेवर ओवी आलीच. दिग्दर्शक म्हणजे एक पोरसवदा मुलगी होती. तिने मध्ये तोडलं नाही, शेवटपर्यंत ऐकलं. मग जवळ येऊन म्हणाली, "खूप गोड होतं, मॅम. आता फक्त वाक्य घेऊ या?"

घेतलं.

त्यानंतर शालन वाट बघायला लागली. आंबे आले, गेले. घोडबंदरला एक नवी रोजची मालिका उभी राहत होती, तिथून आत्याच्या कामासाठी विचारणा आली. शालन म्हणाली, "माझ्या तारखा अडकल्यात हो."

सून समीक्षा डबे भरत होती. ती थांबली. "आई, त्यांनी तारखा दिल्यात तुम्हाला?"

"आदल्या दिवशी कळवतात गं. तसंच असतं आमच्यात."

"आणि नाही कळवलं तर?"

"अगं, घर आहे माझं तिथे. कुलूप किती दिवस ठेवतील?"

गणपती येऊन गेले. गॅलरीत कपडे वाळत घालताना ती परतीची ओवी जुळवत राही. एक कडवं जमे, दुसरं निसटे. येणाऱ्या माणसाने आधी काय विचारावं? कोण आजारी पडलं, की कोण नवीन आलं? बघणारी माणसं मध्ये विचारतील, मावशी कुठाय, मावशी कधी येणार. पूर्वी विचारायची. पोस्टकार्डं टाकायची. मग लेखक पुढच्या आठवड्यात मावशीला आणायचा. तेव्हा इकडे भाग दिसायचा आणि तिकडे पुढचा लिहून व्हायचा, भाकरी तव्यावर आणि पीठ परातीत, तसं.

एका सकाळी बाजारात भाजीवाल्या शकूने मेथीची जुडी पुढे करत तिला हटकलं. "काय मावशी, गावाला कशाला गेलात वो? मजाच गेली सगली."

शालन चपापली. "तुला काय माहीत?"

"बघितलं ना काल. पोरीच्या मोबाईलवर. एका बैठकीत बघून टाकलं, आठच तर हायेत."

"सगळे आले?"

"सगले. एकदमच टाकलेत."

मागे रिक्षा हॉर्न वाजवत होती. शालन बाजूला झाली नाही. खालच्या आवाजात तिने विचारलं, "शकू, मी परत येते का गं त्यात?"

शकूला वाटलं, मावशी गंमत करतात. ती खळखळून हसली. "आता बया! तुमचं तुम्हाला ठाव! तुमच्या घरात तर ती नवीन पोरगी आलीय ऱ्हायला, जिमवाली. बाकी चांगली करते."

घरी आल्यावर समीक्षाने लावून दिलं. गोदूमावशी दारात आली, वाक्य बोलली, वळली. ती जिन्यात पोचायच्या आत आतल्या बाईला फोन आला आणि सगळं घर त्या फोनमागे धावलं. दाराकडे कुणी बघितलं नाही. बाकीचे भाग समीक्षा पळवत पळवत बघत गेली. शालनला तसं बघता येईना.

दुपारी तिने ऋतुराजला फोन लावला.

"मावशी, मी करणारच होतो," तो लगेच म्हणाला.

"चांगलं झालंय रे. पटापट जातं."

"मावशी, आधी तीन सीन होते तुमचे. मग एक राहिला. मग वाक्य. ते मोबाईलवाले प्रत्येक सीनला विचारतात, याने गोष्ट पुढे गेली का?"

"मी आले की गोष्ट थांबायचीच."

"तेच ना."

"थांबायची म्हणून तर लोक बसायचे, ऋतुराज."

तिने फोन दुसऱ्या कानाला लावला.

"मग मारायचं होतंस सरळ. फोटोला हार घालायचा. मी काय नाही म्हटलं असतं?"

"मारायला अर्धा भाग जातो, मावशी. मागच्यांना रडू द्यावं लागतं. एवढी जागा नव्हती हो."

शालन भिंतीला टेकली. घोडबंदरच्या मालिकेत आत्या आली होती कधीच. कल्याणची कुणी होती, बरी करत होती.

"आणि पुढचा सीझन?"

"ठरलेलं नाही. झाला तर दीड-दोन वर्षांनी. आणि तेव्हाही..." तो अडखळला. "त्या मुलीचं घर लोकांना आवडलंय."

"हं. कुठल्या गावाला गेलेय रे मी?"

"म्हणजे?"

"कुणी विचारलं तर सांगायला नको? आज भाजीवालीने विचारलं. उद्या आणखी कुणी विचारेल."

"ते लिहिलं नव्हतं, मावशी. गरज पडली नाही."

"बरं," शालन म्हणाली.

मोठ्या माणसाने आधी फोन ठेवायचा, अशी त्याला पहिल्यापासूनची सवय. तो थांबून राहिला. तिला फोन ठेववेना.